जिलेटिनची पाटी आणि घरगुती मुद्रण : मराठवाड्याच्या साधन-परीक्षेतील एक प्रकरण

१. विषयाची मर्यादा

मराठी मुद्रणाचा इतिहास बहुधा छापखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. गणपत कृष्णाजींचे शिळाछापाचे पंचांग (१८३१), जावजी दादाजींचा निर्णयसागर (१८६९) ही त्या इतिहासातील ठळक स्थळे होत. छापखाना म्हटला की यंत्र आले, खिळे आले, कामगार आले, आणि सरकारदरबारी नोंद आली. परंतु या चारही गोष्टींवाचून एका लेखाच्या पन्नास प्रती काढण्याचे एक साधन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध होते. ते म्हणजे जिलेटिनची पाटी, अथवा हेक्टोग्राफ. पत्र्याचे एक उथळ ताट, त्यात थिजवलेले जिलेटिन व ग्लिसरीन यांचे मिश्रण, जांभळी शाई आणि कोरे कागद, एवढ्यावर हे मुद्रणालय उभे राहत असे आणि काम संपताच नाहीसेही होत असे.

या साधनाचा विचार इतिहासाच्या अभ्यासकाने का करावा, असा प्रश्न उपस्थित होणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या प्रदेशात मुद्रणस्वातंत्र्य नव्हते त्या प्रदेशातील कागदपत्रांची परीक्षा केवळ मजकुरावरून करता येत नाही. कागद कोणत्या साधनाने उमटला, त्या साधनाने किती प्रती निघू शकत होत्या, कोणत्या ऋतूत ते चालत होते, आणि त्याची शाई किती वर्षे टिकते, हे ठरविल्यावाचून त्या कागदाचे मोल ठरत नाही. मराठवाडा हा असा प्रदेश होय. नांदेड जिल्ह्याच्या उत्तर भागात असलेल्या हिमायतनगरच्या परिसराकडे पाहिले असता हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो.

२. सीमेवरील गाव आणि दोन कायदे

हिमायतनगर या गावाचे जुने नाव वाढोणा. तेथील परमेश्वराच्या देवस्थानामुळे ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे स्थानक लागते. गावाच्या उत्तरेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडचा मुलूख आहे. आज ही नदी एकाच राज्यातील मराठवाडा व विदर्भ या दोन विभागांमधून वाहते. १९४८ पूर्वी मात्र तिच्या अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि पलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाने इंग्रजांकडे लावून दिला व १९०२ मध्ये तो कायम पट्ट्याने त्यांच्या कारभारात गेला. त्यामुळे नदीचे पात्र ओलांडणारा माणूस भाषा न बदलता केवळ कायदा बदलत असे.

संस्थानातील निर्बंधांचे स्वरूप सर्वश्रुत आहे. राजकीय सभांवर परवानगीचे बंधन घालणारा 'गश्ती निशाण ५३' हा हुकूम, परवान्यावाचून वृत्तपत्र न काढू देण्याचे धोरण, आणि बाहेरून येणाऱ्या पत्रांवरील बंदी या तिहींमुळे मराठी भाषकांना छापील शब्द मिळविणे व पसरविणे दुष्कर झाले होते. ७ सप्टेंबर १९३८ रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच बंदी आली. २४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहास प्रारंभ झाला. बंदी उठली ती १९४६ मध्ये. पुढे ७ ऑगस्ट १९४७ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढ्याचे शेवटचे पर्व सुरू झाले, संस्थानाच्या सीमेवर लढ्याचे तळ पडले, आणि त्यांपैकी एक पैनगंगेपलीकडील उमरखेड येथे होता. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर झालेली धाड याच पर्वातील. छापील शब्दाची किंमत त्या काळी किती होती, हे ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात झालेल्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाच्या संपादकांच्या, शोएबुल्लाखान यांच्या, हत्येवरून दिसून येते.

इंग्रजी मुलखातील स्थिती सर्वस्वी मोकळी होती असे नव्हे. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण असणे बंधनकारक केले होते. १९३१ च्या मुद्रणविषयक आणीबाणीच्या कायद्याने तर 'प्रेस' या शब्दाची व्याप्ती इतकी वाढविली की, लेखाच्या प्रती काढण्यासाठी लागणारी सर्व साधने व साहित्य त्यात आले. नोंद नसलेला छापखाना जप्त करण्याचा व अनधिकृत वार्तापत्रे ताब्यात घेण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला, आणि अशी पत्रके पसरविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली. या व्याख्येचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. खिळे व यंत्र असलेल्या जागेपुरताच छापखाना मर्यादित राहिला नाही. फळीवर ठेवलेले सरसाचे ताटही कायद्याच्या दृष्टीने छापखाना ठरू शकले. राज्यकर्त्यांनी ही व्याख्या विनाकारण केलेली नव्हती. १९३० च्या कायदेभंगात मुंबईतील काँग्रेस पत्रिकेसारखी पत्रके छापखाने जप्त झाल्यावरही निघत राहिली, हा अनुभव तिच्या मागे होता.

घरगुती प्रती काढण्याची ही रीत केवळ हिंदुस्थानातीलच नव्हती. हेक्टोग्राफचा प्रसार १८८० च्या सुमारास युरोपात झाला आणि झारशाही रशियातील गुप्त मंडळ्यांनी त्याचा मुबलक उपयोग केला. लेनिन यांची १८९४ मधील एक प्रसिद्ध पुस्तिका प्रथम याच साधनाने प्रसृत झाली. तथापि याच साधनाने पाठशाळांतील प्रश्नपत्रिका, संगीतमंडळ्यांची स्वरलेखने व कचेऱ्यांतील परिपत्रकेही निघत. साधन निरुपद्रवी होते, आणि त्यामुळेच ते उपयुक्त होते.

३. पाटीची घडण

हेक्टोग्राफ हा शब्द 'शंभर' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून बनला आहे. शंभर प्रतींचे हे आश्वासन व्यवहारात क्वचितच पुरे होई. तीस ते पन्नास स्वच्छ प्रती निघाल्या म्हणजे पाटी चांगली साधली असे समजत.

जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी, हाडे व स्नायुबंध उकळून काढलेला पदार्थ. सुतार व पुस्तकबांधणी करणारे ज्याला सरस म्हणतात तो याचाच अशुद्ध प्रकार होय. यामुळे सोवळे पाळणाऱ्या घरात हे मिश्रण चुलीवर चढविणे सोपे नव्हते. घरगुती मुद्रणाची जागा बहुधा स्वयंपाकघराबाहेर, ओसरीच्या खोलीत वा माडीवर असणार, हे पदार्थाच्या स्वरूपावरूनच समजते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी प्रसिद्ध असलेल्या एका फ्रेंच सरकारी पाठात सरस १०० भाग, ग्लिसरीन ५०० भाग, पाणी ३७५ भाग व बेरियम सल्फेट अथवा केओलिन नावाची पांढरी माती २५ भाग असे प्रमाण दिलेले होते. यांतील प्रत्येक घटकाचे कार्य वेगळे आहे. जिलेटिन थंड होताना त्याच्या तंतूंचे जाळे तयार होते व ते पाणी धरून ठेवते. पाटीला आकार येतो तो यामुळे. ग्लिसरीन हवेतील ओल शोषून घेते, म्हणून पाटी वाळून तडकत नाही आणि तिचा पृष्ठभाग सदैव किंचित ओलसर राहतो. पांढऱ्या पुडीमुळे पाटी अपारदर्शक होते व तिच्यावर उमटलेली अक्षरे डोळ्यांस दिसतात.

कृती अशी. जिलेटिनचे पापुद्रे थंड पाण्यात रात्रभर भिजत घालावयाचे. ते फुगून मऊ झाले की, ते भांडे उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून विरघळवावयाचे. प्रत्यक्ष विस्तवावर ठेवावयाचे नाही, कारण फार उकळल्याने जिलेटिनचे तंतू तुटतात व त्याची थिजण्याची शक्ती कमी होते. मग त्यात ऊन ग्लिसरीन घालून फेस न होईल अशा बेताने ढवळावयाचे. बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचे वा कार्बॉलिक अॅसिडचे काही थेंब घालीत. हे मिश्रण तलम फडक्यातून गाळून बोटभर खोलीच्या पत्र्याच्या ताटात ओतावयाचे. ताट अगदी समपातळीत हवे. पृष्ठभागावर येणारे बुडबुडे कागदाच्या कडेने एका बाजूस ओढून काढावयाचे, कारण प्रत्येक बुडबुडा म्हणजे पुढे प्रत्येक प्रतीत दिसणारे एक पांढरे छिद्र. मग ताट धुळीपासून झाकून रात्रभर हलवावयाचे नाही.

४. छपाई आणि पाटीची निगा

मूळ प्रत गुळगुळीत, कडक कागदावर ॲनिलीन रंगाच्या दाट शाईने लिहीत. मेथिल व्हायोलेट हा जांभळा रंग सर्वांत समर्थ; लाल, हिरवा व निळा हे रंगही चालत, पण त्यांच्या प्रती कमी निघत. शाई नसेल तेथे जांभळी कॉपिंग पेन्सिल उपयोगी पडे. ही पेन्सिल कचेऱ्यांत सर्रास वापरात असल्यामुळे ती जवळ असणे संशयास्पद नव्हते.

पाटीवर ओला स्पंज फिरवून फाजील पाणी टिपून घ्यावयाचे आणि लिहिलेला कागद तोंड खाली करून तिच्यावर पसरावयाचा. तळहाताने मधून कडेकडे दाब दिला की, एकदोन मिनिटांत शाई जिलेटिनमध्ये उतरते. कागद उचलला म्हणजे पाटीवर उलटी अक्षरे दिसतात. आता एकेक कोरा कागद तिच्यावर ठेवून दाबला असता अक्षरे सुलटी उमटतात. पहिल्या प्रतींना काही क्षण पुरतात. पुढे शाई विरळ होत जाते तसतसा कागद अधिक वेळ दाबून धरावा लागतो.

काम झाल्यावर पाटीची व्यवस्था तीन रीतींनी होई. कोमट पाण्याच्या स्पंजाने ती ताबडतोब पुसणे ही पहिली रीत. एक-दोन दिवस तशीच ठेवणे ही दुसरी; तेवढ्या अवधीत रंग खोल मुरून पृष्ठभाग पुन्हा वापरण्याजोगा होतो. पाटी वितळवून, गाळून पुन्हा ओतणे ही तिसरी. वारंवार वितळविल्याने पाटी दुबळी होते, आणि आंबट वास येऊ लागला म्हणजे जंतूंनी जिलेटिन खाल्ले असे समजून ती टाकून द्यावी लागते. बोटांचा स्पर्श टाळणे, बारीक खरवड होऊ न देणे, धूळ बसू न देणे हे नित्याचे नियम होत.

गुप्त कामात या निगेला निराळाच अर्थ येतो. न पुसलेली पाटी हा जप्तीत सापडणारा पुरावा होय; तिच्यासमोर आरसा धरला की शेवटचा मजकूर वाचता येतो. जांभळ्या रंगाचे हातही असेच बोलके. मेथिल व्हायोलेटचा डाग साबणाने सहजी जात नाही. तिसरी अडचण हस्ताक्षराची. खिळ्यांना हस्ताक्षर नसते, पाटीला असते. लेखकाचे वळण जसेच्या तसे पन्नास ठिकाणी जाते. म्हणून जपून वागणारा माणूस स्वतः न लिहिता दुसऱ्याकडून लिहवून घेणार, किंवा सुटे, ठोकळेबाज बाळबोध अक्षर काढणार. अशा कागदांवरील हस्ताक्षरावरून लेखक ठरविण्याची घाई करू नये, हा साधन-परीक्षेचा पहिला नियम येथून निघतो.

याच ठिकाणी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. संस्थानातील राजभाषा उर्दू, आणि उर्दू मुद्रण प्रामुख्याने शिळाछापाचे होते. कातिबाने हाताने लिहावे व तेच दगडावरून छापावे, ही रीत तेथील वाचकाच्या परिचयाची होती. मराठीतही पोथ्या व पंचांगे शिळाछापावर निघालेली होती. देवनागरीची जोडाक्षरे धरून शेकडो खिळ्यांची पेटी बाळगण्यापेक्षा हाताने लिहिलेला मजकूर छापणे सुलभ होते. त्यामुळे हस्तलिखित स्वरूपाचे पत्रक येथील वाचकाला हिणकस वाटण्याचे कारण नव्हते. सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांना लिहिलेला आणि छापलेला शब्द यांतील भेद इतरत्र वाटतो तितका तीव्र नव्हता.

५. हवामानाचा निर्बंध

जिलेटिनचे पाणीदार मिश्रण साधारणतः ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडून वितळू लागते. युरोपातील पाठ त्या हवेसाठी लिहिलेले होते. नांदेड जिल्ह्यात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा वेळी पुस्तकातील प्रमाणाने केलेली पाटी दुपारी ताटात पाण्यासारखी हलू लागेल आणि तिच्यावर ठेवलेला कागद सोलून निघण्याऐवजी चिकटून बसेल.

हा अनुभव केवळ हेक्टोग्राफपुरता नव्हता. सहाव्या निजामांच्या दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या काळापासून हैदराबाद संस्थानात जिलेटिनचा लेप असलेल्या काचांचे छायाचित्रण चालले होते. ऊन पाण्यात तो लेप फुगून कडेने सुटे, म्हणून उष्ण देशातील छायाचित्रकारांना पाणी गार करणे, तुरटीच्या द्रावणाने लेप घट्ट करणे आणि पहाटे वा रात्री काम करणे भाग पडे. पाटीच्या बाबतीतही उपाय हेच: जिलेटिनचे प्रमाण वाढविणे, पाणी व ग्लिसरीन कमी करणे, ताटाखाली ओले गोणपाट ठेवणे, आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहरी छापणे. तुरटी वा फॉर्मॅलिन यांनी पाटी कडक होते खरी. परंतु फॉर्मॅलिनने कडक झालेली पाटी पुन्हा वितळत नाही, म्हणजे ती नव्याने ओतण्याचा मार्ग बंद होतो. गुप्त कामाच्या दृष्टीने हा तोटा लहान नव्हे. पावसाळ्यात उलट अडचण येते. ग्लिसरीन हवेतील ओल अमर्याद शोषते, पाटीवर पाण्याचे कण जमतात, शाई फुटते आणि चार दिवसांत बुरशी धरते.

याचा निष्कर्ष असा की, मराठवाड्यात जिलेटिनची पाटी हे मुख्यतः हिवाळ्याचे साधन होय. कार्तिकापासून फाल्गुनाच्या मध्यापर्यंत ते सुखाने चालते; पुढे ते कष्टाने चालते. या साध्या भौतिक गोष्टीचा काळनिर्णयाशी संबंध आहे. १९३८ चा सत्याग्रह ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होऊन हिवाळ्यात चालला; तो काळ पाटीला अनुकूल होता. १९४८ मधील संघर्षाचा तीव्र काळ उन्हाळा व पावसाळा यांत गेला आणि १३ ते १७ सप्टेंबरच्या लष्करी कारवाईने संपला. त्या महिन्यांत मेणकागदाचे सायक्लोस्टाइल हे साधनच अधिक भरवशाचे होते. शिवाय सीमेपलीकडच्या तळावर यंत्र ठेवणे शक्य होते, अलीकडच्या खेड्यात नव्हते. तेव्हा ज्या जांभळ्या कागदावर ज्येष्ठ-आषाढाची तिथी आहे आणि तरीही ज्याच्या रेषा तीक्ष्ण आहेत, तो पाटीवरचा असल्याचे सांगितले गेले तर परीक्षकाने दोनदा विचार करावा. ऋतू हाही एक साक्षीदार आहे.

६. कागद कसा ओळखावा

दप्तरांत सापडणाऱ्या प्रतींचे चार प्रकार संभवतात: शिळाछाप, सायक्लोस्टाइल, हेक्टोग्राफ आणि स्पिरिट डुप्लिकेटर. पहिल्या दोहोंची शाई तेलकट व बहुधा काळी असते. सायक्लोस्टाइलच्या हस्तलिखित रेषा भिंगाखाली पाहिल्यास बारीक ठिपक्यांच्या बनलेल्या दिसतात, कारण तेथे मेणकागदाला छिद्रे पाडून शाई झिरपविलेली असते. जुन्या कागदावर अक्षरांभोवती तेलाची पिवळट झाकही दिसते. हे यंत्र १८८० नंतरच्या दशकात प्रचारात आले. हेक्टोग्राफची रेषा अखंड असते, तिची कड किंचित पसरलेली असते, आणि शाई कागदाच्या अंगात मुरलेली असते. स्पिरिट डुप्लिकेटरची शाईही जांभळीच असते, पण ते यंत्र १९२३ च्या सुमारास जर्मनीत निघाले. त्यात पाटी नसून फिरता रूळ असतो आणि मूळ प्रतीच्या पाठीवर उलटी अक्षरे उमटलेली असतात.

हेक्टोग्राफची आणखी तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत. एक, एकाच दाबात दोन वा अधिक रंग उमटलेले असणे. मूळ प्रतीवर लाल व जांभळ्या शाईने लिहिले तर दोन्ही रंग पाटीवर एकदमच उतरतात. नकाशे व तक्ते काढताना हा गुण उपयोगी पडे. दोन, एकाच पत्रकाच्या निरनिराळ्या प्रतींत रंगाची क्रमशः घट. गडद प्रत आधीची व फिकी प्रत नंतरची, हा क्रम येथे भरवशाने लावता येतो. तीन, सर्व प्रतींत एकाच जागी येणारे पांढरे छिद्र अथवा ओरखडा. दोन गावांत सापडलेल्या प्रतींवर तोच दोष त्याच जागी असेल आणि अक्षराचे वळण रेषेरेषेने जुळत असेल, तर त्या एकाच पाटीवरून निघाल्या हे सिद्ध होते. या प्रती कोठकोठे पोचल्या हे नकाशावर मांडले तर पत्रकाच्या प्रवासाचा मार्गच हाती येतो.

प्रतींच्या संख्येबद्दलही सावधगिरी हवी. 'गावोगाव पत्रके वाटली' असे आठवणींत म्हटलेले असते. एका पाटीतून पन्नास प्रती निघतात हे लक्षात घेतले, तर पाचशे प्रतींसाठी तोच मजकूर दहा वेळा लिहिणे व दहा वेळा पाटीवर उतरविणे आवश्यक होते. तेव्हा अशा पत्रकाच्या दोन प्रतींत शब्दांचा वा अक्षरवळणाचा फरक दिसल्यास तो बनावटीचा पुरावा मानू नये. मजकूर पुन्हा लिहिला गेल्याची ती खूण असते. पोथ्यांच्या पाठभेदांचे शास्त्र या अल्पायुषी कागदांनाही लागू पडते. तसेच, पन्नास प्रतींचे पत्रक हे पन्नास वाचकांचे पत्रक नव्हे. चावडीवर, देवळात वा मळ्यात एकाने वाचावे व अनेकांनी ऐकावे, ही रीत असलेल्या समाजात प्रतीची संख्या आणि श्रोत्यांची संख्या यांचे गणित वेगळे असते. छापील खपाच्या आकड्यांवरून प्रभाव मोजण्याची सवय येथे दिशाभूल करते.

७. जतनाचा प्रश्न

या साऱ्या चर्चेला आज निकड आहे ती वेगळ्याच कारणाने. मेथिल व्हायोलेट हा रंग उजेडात उडतो आणि पाण्यात विरघळतो. खिडकीसमोर चौकटीत लावलेले हेक्टोग्राफचे पत्रक काही वर्षांत वाचण्यापलीकडे फिके होते. सद्भावनेने केलेली दुरुस्ती त्याहून घातक ठरते. फाटलेल्या कागदाला खळ लावून पातळ कागद चिकटविणे, आम्लता घालविण्यासाठी तो पाण्यात बुडविणे, या जुन्या हस्तलिखितांना मानवणाऱ्या रीतींनी येथे अक्षरे पसरून जांभळा डाग तेवढा उरतो. काजळीची शाई पाण्याला दाद देत नाही, या अनुभवावर विसंबून पोथ्यांवर काम केलेला कुशल हातही येथे चुकतो.

म्हणून अशा कागदांबाबत काही नियम पाळणे अगत्याचे आहे. प्रथम, ओल्या उपचारापूर्वी कोपऱ्यातील एखाद्या टिंबावर किंचित ओलसर टीपकागद टेकवून शाई सुटते की काय ते पाहावे. दुसरे, कागद अंधारात, कोरड्या जागी, आम्लरहित कागदाच्या घड्यांत ठेवावा. एकावर एक ठेवलेल्या प्रतींतून दमट हवेत रंग शेजारच्या कागदावर उतरतो. तिसरे, मिळाल्या दिवशीच त्याचे रंगीत छायाचित्र घ्यावे. कृष्णधवल चित्रात रंगांचा भेद जातो, आणि तो भेद हा तर साधन ओळखण्याचा आधार असतो. चौथे, एकाच पत्रकाच्या दोन प्रती मिळाल्यास एक 'जादा' म्हणून टाकू नये. गडद-फिक्याचा क्रम व दोषांची जुळणी या दोन्ही गोष्टी एकाहून अधिक प्रती असल्यावरच सिद्ध करता येतात. पाचवे, नोंदवहीत केवळ 'हस्तलिखित पत्रक' असे न लिहिता प्रत कोणत्या साधनाने निघाली तेही लिहावे. हेक्टोग्राफची प्रत वरवर पाहता जांभळ्या शाईने लिहिलेल्या पत्रासारखीच दिसते. 'हस्तलिखित' या एका शब्दाने अनेकांसाठी काढलेले पत्रक एका माणसाचे खासगी पत्र होऊन बसते.

घरगुती मुद्रणाची ही रीत आज निराळ्या रूपाने जिवंत आहे. चित्रकार जिलेटिनच्या मऊ पाटीवर रूळाने रंग पसरून, पाने-फुले वा कातरलेला कागद ठेवून एकेक ठसा उमटवितात. पाटीची घडण तीच आहे, आणि निगाही तीच: समपातळी, बुडबुडे काढणे, नखे व कात्री दूर ठेवणे, उन्हापासून जपणे, खराब झाल्यास वितळवून पुन्हा ओतणे. हेतू मात्र उलटा झाला आहे. आजचा चित्रकार दुसरा ठसा पहिल्यासारखा येऊ नये म्हणून पाटी वापरतो. पूर्वीचा लेखनिक पन्नासावा ठसा पहिल्यासारखा यावा म्हणून धडपडत असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः पाटी ओतून तिच्यावर वीस प्रती काढून पाहाव्यात. हात जांभळे होणे, दुपारी पाटी मऊ पडणे, विसाव्या प्रतीची अक्षरे पुसट होणे, या गोष्टी वाचून कळतात त्याहून करून अधिक कळतात. आणि मग दप्तरातील एखादा फिका कागद हाती आला असता त्याच्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

१८६७ चा मुद्रणविषयक कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा आला. १९३१ च्या व्याख्या कायद्याच्या पुस्तकातून केव्हाच गेल्या. पैनगंगेवरील सीमा पुसली गेली, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठही झाले. ज्या साधनाचा गुणच मुळी मागे काही न ठेवणे हा होता, त्याचा इतिहास त्याने उमटविलेल्या थोड्या कागदांखेरीज अन्यत्र मिळावयाचा नाही. पाटी वितळली, यंत्र नव्हतेच, लेखनिकाने नाव लिहिले नाही. उरला तो जांभळा रंग, आणि तोही दरवर्षी थोडा उडतो आहे. हिमायतनगर, हदगाव, किनवट, उमरखेड या पट्ट्यातील जुन्या घरांच्या ट्रंकांत आणि वाचनालयांच्या कपाटांत असे कागद जेथे असतील तेथे त्यांची साधननिहाय नोंद व रंगीत छायाचित्रे करणे हे या विषयातील पुढचे काम होय. ते करण्यास मोठ्या खर्चाची गरज नाही. कागद हातात घेताच तो उजेडापासून दूर धरण्याची व तो कोणत्या साधनाने उमटला हे विचारण्याची सवय तेवढी हवी.